चोवीस मेच्या दोन ओळी

२ मार्च

काका, नमस्कार.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहायला बसले. पोस्टमास्तरीण झाल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने तिकीट घेऊन पत्र टाकतेय. त्याचा मान ठेवा आणि उत्तर लगेच पाठवा.

काम असं आहे. येत्या चोवीस मेला आमच्या पोस्टात मोठा समारंभ ठरलाय. आपल्या गावात टपाल पहिल्यांदा सायकलवरून निघालं, त्याला यंदा पंचाहत्तर वर्षं होतायत. मोठ्या साहेबांचं पत्र आलं, वाचनालयवाले सामील झाले, शाळा मुलांची सायकल फेरी काढणार आहे आणि हे सगळं घोंगडं माझ्या गळ्यात आलंय. बदली होऊन मी आपल्याच गावात आले खरी, पण शिक्के मारणारा कारकून मला अजून 'नव्या बाई' म्हणतो आणि मी काही सांगितलं की आधी छताकडे बघतो. हा समारंभ नीट पार पडला तर निदान त्याची मान तरी खाली येईल.

तुमच्याकडे का आले ते ऐका. मी साहेबांना विचारलं, ही तारीख कुठून मिळाली? ते म्हणाले, वाचनालयातून. वाचनालयवाले म्हणाले, सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून. पुस्तकवाल्याने एका कॅलेंडरकडे बोट दाखवलं आणि कॅलेंडरवाल्याने तुमच्या पेपरातल्या दिनविशेषच्या चौकटीकडे. मला हसूच आलं. एवढा वळसा घेऊन शेवटी आपल्याच घरी. ती चौकट तुम्ही तीस वर्षं चालवलीत, तेव्हा त्या पहिल्या सायकलवाल्या पोस्टमनची माहिती तुमच्याकडे असणारच. कोण होता, कुठून निघाला, सायकल कुणी दिली, जे असेल ते कळवा. बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं. पण ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि गावातलं जुनं सांगणारं घरात दुसरं कुणी नाही. आई म्हणते, पोस्टमन कायम उशिरा यायचा, एवढंच मला आठवतंय.

तब्येत कशी आहे? सूनबाई चहा मोजून देते ही तक्रार चालू आहे ना? म्हणजे मग तुम्ही बरे आहात.

तुमची
छकू


१० मार्च

चि. छकू,

आज दहा मार्च. आजच्या दिवशी टेलिफोनवरून पहिलं वाक्य बोललं गेलं. 'इकडे ये, तुझ्याशी काम आहे.' तेव्हापासून त्या यंत्रावर कुणी वेगळं काही बोललेलं नाही. तू तर पत्रातही तेच लिहिलंस.

आता खुर्ची घट्ट धरून बस. तो समारंभ रद्द कर. चोवीस मेला तुमच्या गावात कसलीही सायकल निघालेली नाही. ती मी काढली, टेबलावर बसून.

झालं असं, की समोरच्या पेपरातला एक गृहस्थ माझी चौकट जशीच्या तशी उचलायचा. घटना, जन्म, मृत्यू, सगळं. मी वाचनालयात बसून नाक धुळीने भरून घ्यायचं आणि याने कात्री चालवायची. तक्रार केली तर म्हणायचा, इतिहास काय तुमच्या एकट्याचा आहे? आता यावर काय बोलणार. म्हणून मी सापळा लावला. एक घटना अशी टाकायची जी कधी घडलीच नाही. त्याने छापली की सापडला. एका चोवीस मेला चौकट दोन ओळींनी कमी भरत होती. तिथे तुमच्या गावची सायकल घुसवली. दादा तुम्हा सगळ्यांना घेऊन तिथे राहायचा, म्हणून तेच गाव आधी सुचलं. पुढच्या वर्षी चोवीस मेला बेट्याने छापली. आमच्या संपादकांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

सापळा उचलून ठेवायला हवा होता, तो तसाच राहिला. मीही दर वर्षी छापत गेलो, चोर अजून चोरच आहे ना हे बघायला. त्यातून तुझं कॅलेंडर, तुझं पुस्तक आणि तुझे मोठे साहेब उपजले असतील तर त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षांत मी एवढी एकच खोटी ओळ छापली, आणि तीही जाणूनबुजून. बाकी एक तारीख चुकलेली दाखव, मी मिशी उतरवतो.

साहेबांना सांगून टाक. सूनबाई चहा मोजून देते.

काका


१७ मार्च

काका,

तुमचं पत्र वाचून डोकं धरून बसले. पहिल्यांदा वाटलं तुम्ही थट्टा करताय. एक एप्रिलला अजून अवकाश आहे, तेवढा धीर धरायचा होतात.

तुम्ही म्हणता सायकल निघालीच नाही. मग मला सांगा, त्या सायकलवाल्या पोस्टमनचा मुलगा मला कसा भेटला?

आमच्याकडे एक जुने पोस्टमन आहेत. ऐंशीच्या पुढे गेलेत, निवृत्त होऊनही जमाना झाला. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांचे वडीलही इथेच पोस्टमन होते. समारंभाची बातमी लागली तसे ते काठी टेकत आले आणि बाकावर बसून म्हणाले, 'बाई, तो माझा बाप.' मग सगळं सांगितलं. सायकल उंच होती, बापाचे पाय पुरत नव्हते. गिरणीच्या वळणावर उतार आहे, तिथे तोल गेला, थैली एकीकडे आणि बाप एकीकडे. पत्रं रस्ताभर. आबा तेव्हा लहान होते, ते मागे पळत होते, त्यांनी पत्रं गोळा केली. एक पत्र गटारात पडलं ते बापाने सदऱ्याला पुसून वाळवलं आणि तसंच नेऊन दिलं. काका, ऐकताना आमच्या शिक्केवाल्याचा हातसुद्धा थांबला. तो माणूस भूकंपातही थांबणार नाही.

मी विचारलं, तारीख आठवते? आबा म्हणाले, 'चोवीस मे.' आता ही तारीख मी आधी बोलले होते का, ते मला नक्की आठवत नाही. बोलले असेन. नसेनही.

सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, सत्कार आबांचाच. आबांचे डोळे भरून आले. आता तुम्हीच सांगा मी काय करू. गावात माणूस आहे, बाप आहे, उतार आहे, भिजलेलं पत्र आहे, आणि तुम्ही म्हणता हे सगळं तुमच्या टेबलावर जन्मलं. काका, रागावू नका, पण तुम्हाला नक्की आठवतंय ना? कुठे वाचलेलं, ऐकलेलं असेल आणि नंतर वाटलं असेल की आपणच रचलं. होतं असं. माझंही होतं.

छकू


२४ मार्च

चि. छकू,

आजच्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला. आपण मात्र पोस्टाच्या पायरीवरच अडखळलोय.

'नक्की आठवतंय ना' हे तू मला विचारलंस. मला. ज्याला अख्खं वर्ष तोंडपाठ आहे त्याला. बरं. मग ऐक माझा पुरावा. चोवीस मेच्या चौकटीत त्या दिवशी काय होतं? एका राणीचा जन्म. एका मोठ्या झुलत्या पुलाचं उद्घाटन. आणि जगातली पहिली तार. त्या तारेवरूनच मला टपाल सुचलं. टपालावरून पोस्टमन, पोस्टमनवरून सायकल. खोटं असंच रचतात, शेजारच्या खऱ्याला खेटून, म्हणजे कुणाला संशय येत नाही. माझ्या डोक्यात ही पायरी न पायरी आहे. तुझा आबा लबाड आहे. त्याला आयता बाप मिळाला आणि त्याने तो सायकलवर बसवला.

हे लिहून मी पेन ठेवलं होतं. पाकीट बंद करणार होतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहितो.

तो गिरणीजवळचा उतार. तू लिहिलंस आणि मला तो दिसला. वळण, खाली पसरलेली पत्रं, मागे पळणारं पोर. तू लिहिलंस म्हणून दिसलं, का आधीपासून माझ्याकडे होतं म्हणून दिसलं, ते कळेना. दोन दिवस तेच चाललंय. कुणी सांगितलं होतं का मला? तारेवरून टपाल सुचलं ही हकीकत तरी खरी, का तीही मी मागाहून रचली?

घरात म्हणशील तर, गेल्या महिन्यात माझा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. सूनबाई हसली. मीही हसलो. नंतर ती चिरंजीवांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मला अर्धं ऐकू येतं, पण ते अर्धं पुरलं.

तेव्हा छकू, दोन म्हाताऱ्यांपैकी एकाचं चुकतंय. तो खोटं बोलत असेल तर मी एखाद्या चालू पेपरात लिहून दुरुस्ती छापून घेईन, तुमचा मांडव असो नाहीतर नसो. आणि तो खरं बोलत असेल तर माझं डोकं गेलं. मधलं काही नाही. तू तिथे आहेस, छडा लाव. आणि जे निघेल ते मला सरळ सांग, साखर लावून नको.

काका


४ एप्रिल

काका,

छडा लावायचा म्हणून आबांच्या घरी गेले आणि आधी होते त्याहून जास्त गोंधळून परत आले.

दोन खोल्यांचं घर. दाराशी चपला इतक्या ओळीत लावलेल्या, की पोस्टातल्या खणांची आठवण यावी. आबांची सून दारातच म्हणाली, 'बरं झालं आलात, आता तुम्हीच यांना सांगा गप्प बसायला. सकाळपासून भाषण पाठ करतायत.' आबांनी नवा कोट शिवून घेतलाय. मला घालून दाखवला. बाह्या जरा लांब झाल्यात, त्या आत दुमडून परत परत बघत होते. आता या माणसाला मी विचारू काय, की आबा, तुमचा बाप खरा का खोटा?

तरी आडून आडून विचारलं. या वेळी सायकल हिरवी होती. मागच्या वेळी काळी होती. या वेळी एक कुत्रं मागे लागलं होतं, ते मागच्या वेळी नव्हतं. पण काका, खऱ्या आठवणीतही कुत्री येतात आणि जातात. आई रोज तिच्या लग्नाची गोष्ट सांगते आणि रोज वऱ्हाडी वेगळे असतात. सून मध्येच म्हणाली, 'सायकलचं मला काही माहीत नाही बाई,' आणि आत निघून गेली. ती चिडून गेली का लाजून, तेही मला कळलं नाही.

मग पोस्टाची अडगळीची खोली उघडली. जुने कागद म्हणून जे होतं ते वाळवीने खाऊन त्याचा भुगा केलाय. शिक्केवाला माझ्यामागे उभा राहून म्हणाला, 'नव्या बाई, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं शोधताय, इथे गेल्या महिन्याची पावती सापडत नाही.' त्याचं खरं होतं.

दिवसातून दहा वेळा माझं मत फिरतं. सकाळी वाटतं, काका म्हणजे काका, त्यांची तारीख चुकायची नाही. दुपारी आबा बाकावर येऊन बसतात आणि वाटतं, एवढं भिजलेलं पत्र कुणी मनाने कसं रचेल. संध्याकाळी दोघांचाही राग येतो.

आणि एक विचारायचं होतं. मागच्या पत्राच्या सुरुवातीला तुम्ही चंद्र घातला होतात. चंद्रावर माणूस जुलैत उतरला, वीस जुलैला. मला हे तुम्हीच शिकवलंत, माझ्या पाचवीच्या परीक्षेच्या वेळी. माझी परीक्षा घेत होतात ना? मी पास झाले म्हणायची.

छकू


१२ एप्रिल

चि. छकू,

आज माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला. हे बरोबर आहे. लिहायच्या आधी तीनदा तपासलं.

चंद्राची परीक्षा नव्हती.

मी घाबरलो आहे. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, चिरंजीवांना तर नाहीच, आणि तूही त्यांना कळवायचं नाहीस. माझी पाचावर धारण बसली आहे.

तुला वाटत असेल, एका तारखेने एवढं काय होतं. सांगतो. माझ्याकडे दुसरं काही नाही. घर बांधलं ते मुलाच्या नावावर, पेपर बंद पडला, तुझी काकू गेली. राहिल्या त्या तारखा. लोक देवाचं नाव घेतात तसा मी सकाळी उठून आजचा दिवस मनात लावून बघतो. बारा फेब्रुवारी घे. एकाच वर्षी, एकाच दिवशी समुद्राच्या दोन बाजूंना दोन पोरं जन्मली. एकाने पुढे माणसाचं नातं माकडाशी जोडलं आणि दुसऱ्याने गुलामाला माणसात आणलं. दोघांची कधी गाठ पडली नाही. पण माझ्या चौकटीत दोघं शेजारी बसायचे. मला वाटायचं, ही सोयरीक मी जमवली. हा माझा आनंद होता, हसू नकोस.

आता आबा खरे असतील, तर त्याचा अर्थ असा की ती हकीकत मी कधीतरी ऐकली, आणि माझ्या डोक्याने ती 'रचलेली' म्हणून भलत्याच खणात टाकली. एक अशी गेली तर बाकीच्यांचं काय? मला जे खरं वाटतं त्यातलं किती खरं आहे? काल मी खुर्चीवर बसलो होतो आणि मला तुझ्या काकूचा वाढदिवस आठवेना. राण्यांचे आठवतात. जेवण झाल्यावर आठवला. पण मधले दोन तास कसे गेले ते माझं मला माहीत.

लवकर शोध. आबा खरे असतील तर मी गेलोच.

काका


२९ एप्रिल

काका,

तुम्ही बरोबर आहात. हे सगळ्यात आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. सायकल निघालीच नाही. ती तुम्हीच रचलीत. तुमचं डोकं शाबूत आहे.

आता कसं कळलं ते. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी काउंटरवर होते. वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमके आबा समोरच्या बाकावर. त्यांनी विचारलं, 'बाई, घरचं काही?' मला राहवलं नाही. तुम्ही चिरंजीवांना सांगू नको म्हणाला होतात, आबांचं काही बोलला नव्हतात, म्हणून सांगून टाकलं. की माझे एक काका आहेत, त्यांनी ही गोष्ट रचली असं त्यांना पक्कं वाटत होतं, पण तुमची हकीकत ऐकल्यापासून ते समजतायत की आपलं डोकं गेलं, आणि त्यांना झोप लागत नाही.

आबा बाकावरून उठले. काठी घेतली आणि गेले. मला वाटलं रागावले.

दुसऱ्या दिवशी पोस्ट बंद व्हायच्या वेळी आले, सुनेला घेऊन. उभ्यानेच म्हणाले, 'तुमच्या काकांना लिहा, त्यांचं बरोबर आहे. माझा बाप आयुष्यात सायकलवर बसला नाही. पायी हिंडला. बाप गेल्यावर बऱ्याच वर्षांनी इथे सायकली आल्या. गिरणीच्या वळणावर पडलो तो मी. गटारातलं पत्र मी पुसलं.' सुनेने मान हलवली. म्हणाली, सासूबाई असेपर्यंत आजेसासऱ्यांच्या फुटलेल्या टाचांची गोष्ट घरात रोज निघायची. तारीख आबांनी नातवाच्या पुस्तकात वाचली होती.

मी विचारलं, आबा, मग असं का केलंत? ते म्हणाले, 'चाळीस वर्षं दारोदार गेलो. लोकांनी एकच विचारलं, माझं काही आहे का? माझं मला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, आणि मला नाही म्हणवेना.' मग म्हणाले, 'पण माझ्या कोटापायी कुणाचं डोकं फिरायला नको. समारंभ नका करू.' आणि कोट आणला होता, तो टेबलावर ठेवायला निघाले. मी ठेवू दिला नाही.

तुम्हाला तो उतार दिसला त्यात नवल ते काय? तुम्ही दर सुट्टीत इथे यायचात. त्या उतारावर गावातलं प्रत्येक माणूस एकदा तरी पडलंय. मला खांद्यावर घेऊन तुम्हीही पडला होतात, आई अजून सांगते.

आता माझी विनंती. दुरुस्ती छापू नका. निदान चोवीस मेपर्यंत नको. कारण ज्या माणसाने तुमच्यासाठी एवढं केलं, त्याला सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडणं माझ्याने होणार नाही. पण खोट्या दिवसाचा समारंभही माझ्या हातून व्हायचा नाही. मी पुरती अडकलेय. काही सुचवा. आता तुमचं डोकं चालतं हे सिद्ध झालंय, तेव्हा चालवा.

छकू


६ मे

चि. छकूस अनेक आशीर्वाद,

आज सहा मे, आणि आजचा दिवस खास तुझ्यासाठी आहे. जगातलं पहिलं टपाल तिकीट आजच्याच दिवशी चालू झालं. काळ्या रंगाचं होतं. आणि आजच एका पळणाऱ्याने चार मिनिटांच्या आत एक मैल गाठून दाखवला. कुठलंही पुस्तक उघडलेलं नाही. हवं तर पडताळून बघ.

तुझं पत्र आलं तेव्हा सूनबाई भाजी निवडत होती. मी तिला म्हटलं, आज चहा न मोजता कर. तिने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. छकू, डोक्यावरचं ओझं उतरलं. परवा रात्री सरळ सकाळपर्यंत झोपलो.

आता तुझी अडचण. तिच्यात अवघड काय आहे? मी लावलेल्या सापळ्यात चोर अडकायचा तो अडकलाच, वर बिचारा पोस्टमनही अडकला. त्याला सोडवायचं काम माझं. तेव्हा दुरुस्ती छापून येणार नाही. साहेबांना माझं नाव सांग, म्हणावं तारखेचा घोळ काकांचा आहे, हवं तर त्यांच्यावर रागवा, त्यांना अर्धंच ऐकू येतं. आणि सत्कार आबांचाच ठेव, पण सायकलच्या नावाने नको. बाप आणि मुलगा मिळून दोन पिढ्या या गावाची पत्रं पोचवली म्हणून ठेव. याला पुरावा लागत नाही, गावातली दारं आहेत. मुलांना सायकली घरी ठेवायला सांग आणि बाप हिंडायचा त्या रस्त्याने पायी चालव. आबांना पुढे घाल. बाह्या एखाद्या शिंप्याकडून कमी करून घे, पैसे मी देईन.

तुझ्या शिक्केवाल्याला म्हणावं, आता बाई जुन्या झाल्या.

मी स्वतः येतोय. बेत पक्का. चोवीसच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसने निघतो. आबांना एकदा बघायचं आहे. खोटं रचणारे आम्ही दोघं, मी दोन ओळींत उरकलं, त्यांनी त्यात पोरगं पळवलं, पत्र भिजवलं. माझ्या हाताखाली पाहिजे होता तो माणूस.

दादाला म्हणावं, स्टँडवर मला घ्यायला ये. आणि त्याचं बिनसलंय काय ते जरा विचार. फेब्रुवारीपासून तीन पत्रं टाकली त्याला, एकालाही उत्तर नाही. आधी वाटलं टपालाचा घोटाळा असेल, पण मुलगी पोस्टमास्तरीण असताना घोटाळा कसा होईल? रुसला असेल तर मीच धाकटा आहे, मी माफी मागतो. पण त्याला म्हणावं, दोन ओळी तरी लिही.

तुझा
काका


१३ मे

काका,

तुमचं पत्र काउंटरवर उघडलं. पहिली दोन पानं हसत वाचली, शिक्केवाल्यालाही वाचून दाखवली. शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि काउंटर बंदची पाटी लावून आतल्या खोलीत जाऊन बसले.

घरी येऊन आईला विचारलं. तुमची तिन्ही पत्रं आली आहेत, बाबांच्या नावाने. आमचाच पोस्टमन ती घरी टाकून गेला. आईने न फोडता ठेवली आहेत. मला सांगायचा तिला धीर झाला नाही, आणि तिने सांगितलं नाही म्हणून मी तुम्हाला छातीठोकपणे लिहून बसले की तुमचं डोकं शाबूत आहे.

या आठवड्यात तुम्हाला दोन उत्तरं लिहिली. एकात लिहिलं होतं, बाबा स्टँडवर येतील. दुसऱ्यात बाबांचा विषयच काढला नव्हता. दोन्ही फाडली. तुम्ही म्हणाला होतात, सरळ सांग.

काका, बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. तुम्ही इथेच होतात. सगळ्या नातेवाइकांना तुम्हीच कळवलंत. तुमच्याशी ते कधीच रुसले नव्हते. शेवटच्या दिवसांतही सकाळी तुमची चौकट वाचून घ्यायचे, माझ्याकडून.

सायकलच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. सहा मेच्या बाबतीतही आहात, मी पडताळलं. आणि बाबांच्या बाबतीत नाही. हे तिन्ही एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी कसं खरं असतं, ते मला कळत नाही. मला खूप भीती वाटतेय, तुमच्यापेक्षा कमी नाही.

चिरंजीवांना मी काही कळवलेलं नाही. सांगायचं की नाही, कसं सांगायचं, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू. चोवीसला तुम्ही यायचंच आहे. एकट्याने बसने नाही, मी बरोबर घेऊन येईन.

हे पत्र मी पेटीत टाकलेलं नाही. उद्या रजा घेतलीय, स्वतः घेऊन निघतेय. तुमच्या हातात देईन आणि काही बोलणार नाही, कारण बोललेलं तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि हे अर्धं ऐकायचं नाहीये.

वाचून झालं की मान वर करा. मी समोरच बसले आहे.

छकू